काढणे, नेणे, बोलावणे

आमच्या घरात गाडीसाठी तीन क्रियापदे आहेत आणि पलीकडच्या खोलीतून नुसते क्रियापद कानावर पडले तरी बोलणारे माणूस कोणत्या पिढीचे आहे ते कळते. माझे वडील गाडी ‘काढतात’, मी गाडी ‘नेते’ आणि माझी मुलगी गाडी ‘बोलावते’. माणसे गाडीविषयी विचारपूर्वक जे मत देतात त्यापेक्षा अशा नकळत तोंडी बसलेल्या शब्दावर माझा अधिक विश्वास आहे. जी वस्तू काढायची असते ती एरवी आत ठेवलेली असते, जपलेली असते, आणि प्रसंग पाहून बाहेर आणायची असते, जसे ठेवणीतले कपडे. न्यायची वस्तू छत्रीसारखी रोजच्या जाण्याला जोडलेली असते. तिचे कौतुक नसते, पण ती विसरली तर पंचाईत होते. आणि जी बोलवायची ती मुळात आपली नसतेच. ती कुठेतरी फिरत असते, येते, आपल्याला सोडते आणि दुसऱ्या कोणाकडे निघून जाते.

हा फरक माझ्या लक्षात आला तो वडिलांचे कपाट आवरताना सापडलेल्या एका वहीमुळे. जाड पुठ्ठ्याची, आडवी, हिशेबाची वही. पहिल्या पानावर गाडीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि टायरमध्ये हवा किती भरायची तो आकडा, आणि पुढे पानामागून पान चार रकाने पट्टीने आखलेले: तारीख, मीटरवरचा आकडा, पेट्रोल किती लिटर, आणि ‘कारण’. हा चौथा रकाना वाचत मी जमिनीवरच बसून राहिले. गाडी बाहेर काढली की ती कशासाठी काढली हे वडिलांनी दर वेळी लिहून ठेवले होते. ‘सामान, स्टेशन.’ ‘दवाखाना, हिला ताप.’ ‘लग्न.’ ‘पाहुण्यांना शहर दाखवणे.’ आणि दर आठ-दहा दिवसांनी, दुसरे काहीच कारण नसेल तेव्हा, ‘बॅटरी’. म्हणजे गाडी उभी राहून बॅटरी उतरू नये म्हणून तिला एक फेरी मारून आणायची, आणि तेही प्रामाणिकपणे नोंदवायचे. ती गाडी त्यांच्याकडे एकोणीस वर्षे होती. पहिला आणि शेवटचा आकडा मी वजा करून पाहिला: एकूण एकसष्ट हजार किलोमीटर, वर्षाला साधारण तीन हजार दोनशे.

मग उत्सुकतेने मी माझ्या गाडीचा आकडा पाहिला. माझ्याकडे वही नाही. सर्व्हिसिंगच्या पावत्या डॅशबोर्डच्या खणात कोंबलेल्या असतात, त्यांवरून अंदाज येतो. सात वर्षांत एक लाख बारा हजार, म्हणजे वर्षाला सोळा हजार. त्यातल्या एकाही फेरीचे कारण मला सांगता येणार नाही, किंवा सगळ्यांचे एकच सांगता येईल: कामावर जाणे आणि परत येणे. मुलीला विचारले तेव्हा तिने फोन पुढे केला. त्यात वर्षभराच्या फेऱ्या तारीख-वेळेसह आपोआप नोंदलेल्या होत्या, दोनशेच्या आसपास. बाकी सगळे मेट्रोने, बसने, पायी. तिन्ही हिशेब शेजारी ठेवल्यावर जे दिसले ते मला आवडले नाही. ज्या माणसाने गाडीवर जीव टाकला त्याने ती सर्वांत कमी वापरली, आणि जिला गाडीचे कधीच फारसे वाटले नाही त्या मी ती पाचपट चालवली.

वडिलांच्या पिढीत गाडी आयुष्यात उशिरा यायची. नोकरीत बस्तान बसल्यावर, मुले शाळेत गेल्यावर, बरेच साठवून झाल्यावर. गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याचा उद्योग जगात तसा खूप आधी सुरू झाला होता. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ १९०८ साली आली, १९१३ साली त्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जोडणी होऊ लागली आणि एक सांगाडा जोडायला जे बारा तासांहून अधिक लागत ते काम वर्षभरात दीड तासावर आले. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. त्याहूनही दूरगामी गोष्ट मला दुसरीच वाटते. १९१९ साली जनरल मोटर्सने गाडीसाठी कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली आणि आधी साठवा मग घ्या हा क्रम उलटा होऊन आधी घ्या मग फेडा असा झाला. पण ही उलथापालथ जगभर एकाच वेळी पोचली नाही. पूर्व जर्मनीत ‘ट्राबांट’ या छोट्या, धूर ओकणाऱ्या गाडीसाठी नाव नोंदवून लोक दहा-दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक थांबत, आणि हाती आलेली गाडी मग टाकून देण्याचा प्रश्नच नसे. वाट पाहून मिळालेली वस्तू माणूस वेगळ्या हाताने हाताळतो. ज्या पिढीने गाडीची वाट पाहिली तिचे गाडीशी असलेले नाते समजून घ्यायचे तर आधी ते वाट पाहणे लक्षात घ्यावे लागते. बाकीचे सगळे, ते पुसणे, झाकणे, जपणे, त्यातूनच आलेले आहे.

थंडीतली सकाळ मला अजून आठवते. वडील गाडीवरचे कापड काढून त्याची चौकोनी घडी घालत, एकदा गाडीभोवती फिरून चारही टायरांकडे बघत, मग आत बसून डॅशबोर्डखालचा चोक ओढत. किती ओढायचा हे हवेवर अवलंबून असे आणि तो अंदाज फक्त त्यांना होता. किल्ली फिरवली की इंजिन दोनदा खोकून बंद पडे. तिसऱ्यांदा धरले की ते पायाने हळूहळू वेग वाढवत आणि चोक इंचाइंचाने आत ढकलत, आणि एखाद्या आजारी माणसाच्या श्वासाकडे कान लावावा तसे ऐकत बसत. आम्ही मुले मागे गप्प. रविवारी बोनेट उघडून प्लग काढायचे, त्यांच्या टोकावरची काजळी तारेच्या ब्रशने घासायची, पॉइंट्स बारीक कागदाने पुसायचे, पंख्याचा पट्टा बोटाने दाबून पाहायचा. यातले बरेचसे त्या यंत्राची गरज म्हणून होते, हे मान्य. आजच्या गाडीचे बोनेट उघडले तर वर प्लास्टिकचे एक झाकण दिसते आणि ते जणू सांगते की इथे तुमचे काही काम नाही. पण गरज होती म्हणून ओळख झाली आणि ओळख झाली म्हणून लळा लागला, असा तो मामला होता. दुरुस्त करता येते तीच वस्तू आपली, असे वडील म्हणत. त्या व्याख्येने पाहिले तर माझी गाडी माझी नाही.

आणि आई? आईने कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. वहीतल्या ‘हिला ताप’ या नोंदीत ती आहे, मागच्या आसनावर. हे काही आमच्याच घरचे नव्हते. इंग्लंडसारख्या गाडीला सरावलेल्या देशातही १९७५-७६ च्या प्रवास पाहणीत पुरुषांमध्ये ६९ टक्क्यांकडे वाहन परवाना होता आणि स्त्रियांमध्ये अवघ्या २९ टक्क्यांकडे. सौदी अरेबियात स्त्रियांना गाडी चालवण्याची मुभा मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. पिढ्यांतला फरक म्हणून आपण जे बोलतो त्यात ही गोष्ट फार कमी येते, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. आधीच्या पिढीत घराची एक गाडी आणि एक चालक असे; माझ्या पिढीत बाई चालवू लागली आणि घराला दुसऱ्या गाडीची गरज वाटू लागली. रस्त्यावरच्या गर्दीत ती दुसरी गाडीही आहे, हे मी नाकारत नाही.

मी गाडी शिकले ती तिशी ओलांडल्यावर, मुलगी दोन वर्षांची असताना. शिकवणाऱ्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक असे आणि तो ते माझ्यावर अविश्वास दाखवण्यासाठीच दाबतात असे मला वाटे. पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन निघाले तो दिवस मात्र मी विसरू शकत नाही. रात्री नऊ वाजता काम संपले होते, पाऊस होता, आणि कोणी घ्यायला येण्याची, शेवटची बस चुकण्याची, थांब्यावर उभे राहून कोण आपल्याकडे पाहते आहे हे न पाहिल्यासारखे करण्याची गरज नव्हती. दारे आतून लावून घेतली, काचेवर वायपर फिरू लागले आणि मी उगाच एक वळसा जास्त घातला. ती फेरी वडिलांच्या वहीत कोणत्या कारणाखाली गेली असती कोणास ठाऊक. म्हणून कोणी सरसकट गाडीवाल्यांना नावे ठेवू लागले की माझ्या मनात एक आठी पडते. त्या किल्लीने मला जे दिले ते खोटे नव्हते.

पण त्यानंतर जे झाले ते मी ठरवले नव्हते, किंवा असे ठरवतो आहोत हे मला कळले नव्हते. गाडी आहे म्हणून लांबचे पण मोठे घर घेतले. गाडी आहे म्हणून आणखी लांबची पण बरी नोकरी धरली. मुलीची शाळा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, गाडीनेच गाठता येईल अशी. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली एक निरीक्षण मांडले होते, त्याचे मूळ श्रेय त्यांनी याकोव्ह झाहावी या वाहतूकतज्ज्ञांना दिले होते: माणूस पायी चालो की यंत्राने जावो, तो दिवसातला साधारण एक तास प्रवासाला देतो, आणि वाहनाचा वेग वाढला की वाचलेला वेळ घरी न आणता तो अधिक लांब राहायला जातो. म्हणजे शहराचा पसारा त्या एका तासाच्या आणि वाहनाच्या वेगाच्या मापाने वाढत जातो. हे मी वाचले तेव्हा मला स्वतःचे चरित्र कोणीतरी चार ओळींत लिहून दिल्यासारखे वाटले. फरक इतकाच की माझ्यासारख्या सगळ्यांनीच तसे केल्यावर वेग उरला नाही आणि अंतर मात्र राहिले. आता तो तास कधीच दोन तासांचा झाला आहे.

वडिलांची पिढी गाडी घेत होती तेव्हा शहर आधीच पायी आणि बसने चालण्याजोगे बसलेले होते. गाडी त्यावर वरून आली, आणि न आली असती तरी काही अडले नसते. आमच्या पिढीने गाडी गृहीत धरून आपापली आयुष्ये मांडली. गाडीसाठी वेड आमच्याकडे नव्हते, उलट तिच्याविषयी आम्ही बऱ्याच अंशी उदासीन होतो, आणि कदाचित म्हणूनच तिच्यासाठी किती जागा जाते आहे याकडे आमचे लक्ष गेले नाही. आम्ही राहतो त्या इमारतीमागे एक मोकळी जागा होती. मुलगी लहान असताना तिथे मुले विटकरीच्या तुकड्याने चौकोन आखून लंगडी घालायची. आता तिथे पांढऱ्या रंगाने चौकोन आखले आहेत, प्रत्येकी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, आणि प्रत्येकावर क्रमांक आहे. ज्या बैठकीत तो ठराव झाला तिला मी हजर होते आणि माझा हात वर होता.

अमेरिकी नगरनियोजक डोनाल्ड शूप यांनी आयुष्याचा बराच काळ केवळ उभ्या गाड्यांचा अभ्यास केला. २००५ साली आलेल्या त्यांच्या जाडजूड ग्रंथातला एक हिशेब असा की गाडी तिच्या आयुष्यातला सुमारे ९५ टक्के वेळ उभी असते. शूप यांचा मुख्य आक्षेप असा होता की इमारत बांधताना अमुक इतकी पार्किंगची जागा सोडलीच पाहिजे अशा नियमांमुळे गाडी नसलेला माणूसही दुसऱ्याच्या गाडीच्या जागेचा खर्च उचलत राहतो. जपानने याच्या उलट्या बाजूने सुरुवात केली होती; १९६२ च्या कायद्यापासून तिथे गाडी ठेवायला जागा आहे हे आधी सिद्ध करावे लागते. सिंगापूरने १९९० पासून गाडी बाळगण्याचा हक्कच मर्यादित संख्येने लिलावात काढला, आणि तोही दहा वर्षांपुरता. मला हे नियम शिक्षा म्हणून वाटत नाहीत. आपण ज्या गोष्टीला खासगी म्हणतो तिचा किती भाग रस्त्यावर, म्हणजे सगळ्यांच्या जागेत, पसरलेला असतो हे ते उघड करतात, इतकेच.

आता मुलगी. ती सव्वीस वर्षांची आहे आणि तिच्याकडे परवाना नाही. अठराव्या वाढदिवशी मी तिला गाडी शिकवणाऱ्या वर्गाचे पैसे भरून दिले होते, ती चार दिवस गेली आणि पाचव्या दिवशी परीक्षा जवळ आल्याचे सांगून थांबली, ती कायमचीच. मला ते लागले. जे मी इतक्या उशिरा आणि इतके झगडून मिळवले ते तिने इतक्या सहज बाजूला ठेवावे, यात तिला माझी किंमत नाही असेही एक दोनदा मनात येऊन गेले. तिला विचारले तर ती म्हणाली, “आई, तू दोन तास समोरच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत असतेस. मी तेवढ्यात अर्धे पुस्तक वाचते.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी विषय बदलला.

तिच्या वयाच्या मुलांचे हे गाडीकडे पाठ फिरवणे मोजलेही गेले आहे. अमेरिकेत १९८३ साली सोळा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ४६ टक्क्यांकडे परवाना असे, तो २०१४ पर्यंत चोवीस-पंचवीस टक्क्यांवर आला, आणि त्याच काळात सत्तरी गाठलेल्यांमधले प्रमाण मात्र वाढले. इंग्लंडमध्ये १७ ते २० या वयोगटात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ४८ टक्के परवानाधारक होते, २०१४ साली २९ टक्के. या आकड्यांवर मग भाष्यांचा पाऊस पडला. नव्या पिढीला मालकीचा मोह नाही, तिला अनुभव हवेत, तिला पर्यावरणाची चाड आहे, तिला फोन हेच स्वातंत्र्य वाटते, असे बरेच काही लिहिले गेले. त्यातले कौतुक मला नेहमीच संशयास्पद वाटत आले आहे, कारण ज्या पिढीला घर घेणे परवडत नाही, जिची नोकरी दोन वर्षे टिकेल की नाही ते सांगता येत नाही, जिचे लग्न आणि मुले दहा वर्षांनी पुढे गेली आहेत, तिने गाडी न घेणे ही आवड आहे की परिस्थिती, हे बाहेरून कसे ओळखायचे? ख्रिस्तोफर निटेल आणि एलिझाबेथ मर्फी या संशोधकांनी २०१९ साली अमेरिकेतल्या आकडेवारीवर नेमका हाच प्रश्न तपासला. उत्पन्न, लग्न, मुले, राहण्याची जागा हे सगळे सारखे धरले तर तरुण पिढीची गाडी घेण्याची ओढ आधीच्या पिढ्यांहून फारशी वेगळी नाही, आणि त्यांची गाडी चालवण्याची अंतरे तर थोडी जास्तच आहेत, असे त्यांना आढळले. म्हणजे वेळ पुढे गेली आहे, माणूस तेच आहे. मुलीच्या दोन मैत्रिणींनी मूल झाल्यावर वर्षाच्या आत गाडी घेतली, हे मी पाहिलेच आहे. मागच्या आसनावर लहान मुलाची खुर्ची पट्ट्याने बांधली की मेट्रोच्या जिन्याविषयीची मते बदलतात.

तरीही सगळेच परिस्थितीवर ढकलणे मला पटत नाही. मुलीच्या बोलण्यात गाडीला प्रतिष्ठा नाही, हा बदल खरा आहे. पाहुण्याने कोणती गाडी आणली हे वडील खिडकीतून पाहत, मी ऐकून घेते, तिला ते नंतर विचारले तर रंगही आठवत नाही. गाडी वाटून वापरण्याची कल्पना काही तिच्या पिढीने शोधलेली नाही. झुरिचमध्ये १९४८ सालीच एका सहकारी गटाने सभासदांना पाळीपाळीने वापरायला गाड्या ठेवल्या होत्या, आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९७४ साली विजेवर चालणाऱ्या छोट्या सामायिक गाड्यांचा प्रयोग झाला. त्या काळी गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे का हेच कळणे कठीण होते. ते आता खिशात कळते. वडिलांना जी खात्री गाडी दाराशी उभी असल्याने मिळे ती मुलीला नकाशावर सरकणाऱ्या एका ठिपक्याने मिळते, आणि खात्री मिळाली की मालकी कशाला, हा तिचा प्रश्न तर्काला धरून आहे.

मात्र तो ठिपका म्हणजेही एक गाडीच आहे आणि तिच्यात कोणीतरी बसलेले आहे, हे ती सोयीने विसरते. सॅन फ्रान्सिस्को शहराचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. २०१० ते २०१६ या काळात तिथे कोंडीत वाया जाणारे तास ६२ टक्क्यांनी वाढले. फोनवरून बोलावण्याच्या गाड्या नसत्या तर ती वाढ २२ टक्के असती, असे त्यात मांडले आहे. कारण बोलावलेली गाडी येतानाही रस्ता अडवते, सोडून जातानाही आणि पुढचा प्रवासी मिळेपर्यंत रिकामी फिरतानाही. माझी गाडी निदान उभी राहते! मी हे मुलीला जरा विजयाच्या सुरात सांगितले, तेव्हा तिने शूप यांच्या ९५ टक्क्यांची मला आठवण करून दिली. आम्ही दोघीही आपापल्या बाजूचे आकडे जमवून बसलो आहोत.

एकदा आम्ही तिने बोलावलेल्या गाडीतून एकत्र जात होतो. चालक तिच्याच वयाचा असावा, कदाचित एखादे वर्ष लहान. पुढच्या काचेवर फोन चिकटवलेला, त्यावर पुढच्या फेरीची हाक आधीच येऊन थांबलेली, आसनाच्या पाठीला पाठदुखीसाठी बांधलेली मण्यांची जाळी. दिवसाला किती चालते असे मी विचारले. “दोनशे तर होतातच,” तो म्हणाला. मी मनातल्या मनात गुणाकार केला. माझ्या वर्षभराच्या सोळा हजारांना त्याला तीन महिनेही लागत नाहीत. नवी पिढी गाडी चालवत नाही असे आपण म्हणतो तेव्हा आपल्यासमोर कोणाची मुले असतात? गाडी न घेणारी माझी मुलगी आणि हप्ते फेडण्यासाठी बारा तास गाडीत बसणारा तो मुलगा, दोघे एकाच वर्षाच्या आगेमागे जन्मलेले आहेत. पिढीचा फरक म्हणून ज्याची चर्चा होते त्यातला काही भाग कोण पुढे बसते आणि कोण मागे, याचा आहे. त्या मुलाकडे गाडीसाठी कोणते क्रियापद असेल हे मी विचारणार होते. त्याने ते न विचारताच सांगितले. “सकाळी सहाला लावतो,” तो म्हणाला, “ती रात्रीच सोडतो.” धंद्याला लावणे, या अर्थाने.

वडिलांनी गाडी सोडली ती गेल्या वर्षी, ब्याऐंशीव्या वर्षी. एके दिवशी इमारतीच्या खांबावर गुडघ्याइतक्या उंचीवर मला निळा ओरखडा दिसला. त्यांच्या या नंतरच्या गाडीचा रंग निळा होता. मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी खांब पुसलेला होता, आणि गाडीच्या डाव्या दारावरच्या ओरखड्यावर त्यांनी निळ्या रंगाचा हात दिला होता, अगदी बारीक ब्रशने, कळू नये इतका नीट. पुढच्या आठवड्यात मी विषय काढला तेव्हा आवाज चढवायला नको होता. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “तुला शिकवताना मी कधी ओरडलो नव्हतो.” ते खरे होते. वर्गात शिकून झाल्यावर रस्त्यावरचा धीर मला त्यांनीच दिला होता, पहाटे, मोकळ्या रस्त्यांवर, वहीत ‘सराव’ असे कारण लिहून.

जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांना आपला परवाना स्वतःहून परत करण्याची सोय १९९८ पासून आहे. २००९ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना नूतनीकरणाच्या वेळी स्मरण आणि आकलनाची चाचणीही द्यावी लागते. २०१९ साली टोकियोत सत्त्याऐंशी वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक तरुण आई आणि तिची लहान मुलगी गेली, त्यानंतर त्या एका वर्षात सहा लाखांच्या आसपास लोकांनी परवाने परत केले. मला त्यातली एक तरतूद फार आवडली. परवाना परत करणाऱ्याला तिथे आपल्या वाहन चालवण्याच्या इतिहासाचे एक प्रमाणपत्र मागता येते. ते दाखवले की अनेक ठिकाणी बस आणि टॅक्सीत सवलत मिळते, आणि ओळखपत्र म्हणूनही ते चालते. मी वडिलांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते आणि मग त्यांनी विचारले की त्यावर एकूण किलोमीटर लिहितात का.

त्यांची गाडी गेली तरी त्यांचे फारसे अडले नाही, हे मला अपेक्षेबाहेरचे होते. ते अजून शहराच्या जुन्या भागात, त्याच घरात राहतात. त्यांचा दवाखाना, वाचनालय, मित्र, बाजार सगळे पायी गाठता येते. पूर्वीही येत होते. गाडीने त्यांच्या आयुष्यात भर घातली होती, आधार दिला नव्हता. त्यांनी काय गमावले असेल तर रविवारची सकाळ, आणि काही काढण्याजोगे घरात असण्याची भावना. माझे तसे नाही. मी ब्याऐंशी वर्षांची होईन तेव्हा त्या लांबच्या, मोठ्या घरात असेन, जिथून दूध आणायलाही किल्ली लागते, आणि तेव्हा माझी मुलगी माझ्याकडे किल्ली मागेल. आतापासूनच मेट्रोचा मार्ग आमच्या बाजूला कधी येणार याच्या बातम्या मी जरा जास्त लक्ष देऊन वाचते.

परवा त्यांना डोळे तपासायला जायचे होते आणि मी शहराबाहेर होते. मुलीने आपल्या फोनवरून त्यांच्या दाराशी गाडी बोलावली आणि स्वतः मेट्रोने जाऊन दवाखान्यात त्यांची वाट पाहत थांबली. वडील मागे बसले नाहीत, चालकाशेजारी पुढे बसले, पट्टा लावला, आणि निघताना व उतरताना मीटरवरचा आकडा त्यांनी चष्मा वर करून नीट पाहून घेतला, असे तिला त्या चालकानेच सांगितले. संध्याकाळी मी पोचले तेव्हा वही टेबलावर उघडी होती. तारीख होती. आकडा होता, आधीच्या नोंदीशी काहीही मेळ नसलेला, दुसऱ्याच्या गाडीचा. लिटरच्या रकान्यात आडवी रेघ. आणि कारणाच्या रकान्यात ‘डोळे’, आणि त्यापुढे, जरा थांबून विचार करून लिहिल्यासारखे, ‘नातीने बोलावली’.